कवळीच्या दातांची पायवाट

समजा, तुम्हाला एक घर बांधायला सांगितलंय. राहायला येणारी बाई तुमच्या करंगळीएवढी आहे. ती कधी येणार माहीत नाही, तिला काय आवडतं माहीत नाही, आणि तिच्या वतीने बोलणाऱ्या दोन मुली तुमच्या डोक्यावर बसल्या आहेत. जागा म्हणून तुमच्याकडे एक तडा गेलेलं वॉशबेसिन आहे. सुरुवात कुठून कराल?

बहुतेक लोक माती भरण्यापासून करतील. माझ्या मामाने पाणी जायच्या भोकापासून केली.

"आधी निचरा," तो म्हणाला. "परी असली म्हणून काय झालं? एकदा पाय चिखलात गेला की पुन्हा फिरकणार नाही."

मामा कवळ्या बनवतो. गेली बावीस वर्षं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्याची खोली आहे, पेशंटला कधीच न दिसणारी. पुढे डॉक्टर मॅडम तोंडाचं माप घेतात. ते माप मागे येतं, मामा त्यात प्लास्टर ओतून हिरड्यांचा साचा काढतो, साच्यावर गुलाबी मेण चढवतो आणि त्या मेणात एकेक दात रोवतो. पेशंटने ते तोंडात घालून पाहिलं, मॅडमनी मान डोलावली, की मेणाच्या जागी टणक गुलाबी प्लास्टिक येतं आणि कवळी तयार होते. आभार मॅडमना मिळतात. मामाला त्याचं काही वाटत नाही. त्याचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं, ती म्हणजे रेघ. दात रेघेत हवेत. कुणी शर्टाचं बटण चुकीच्या काजात घातलेलं दिसलं, की मामा त्या माणसाशी धड बोलू शकत नाही.

त्या रविवारी दवाखाना बंद होता. मावशीला कामावर जायचं होतं, म्हणून तिने तिच्या दोन्ही मुली मामाच्या खोलीवर आणून सोडल्या. थोरली नऊ वर्षांची. ती घरी आलेल्या पाहुण्यांनासुद्धा चपला नीट ठेवायला लावते, म्हणून तिला सगळे इन्स्पेक्टर म्हणतात. धाकटी साडेपाच वर्षांची, आणि तिला भुणभुण का म्हणतात ते तिच्याबरोबर पाच मिनिटं बसलं की कळतं. मला फोन करून बोलावलं होतं, कारण परीच्या बागेत दिवे हवेत असं ठरलं होतं आणि घरात वायरीचं काम माझ्याकडे असतं.

मी पोचलो तेव्हा वॉशबेसिनच्या तळाशी खडी, वर वाळू, वर माती असे थर देऊन झाले होते, मातीवर प्लास्टरचं एक इवलं घर उभं होतं आणि खोलीला कामाचा ज्वर चढला होता. औषधाच्या प्लास्टिकच्या टोपणांत प्लास्टर ओतून अळंबीच्या छत्र्या निघत होत्या. तोंडात घालून दात बघायचा तो छोटा गोल आरसा असतो ना, तसा एक दांडी तुटलेला आरसा मातीत बसवून तळं झालं होतं. कवळी दाताला अडकवायच्या तारेतून मामाने झोपाळा वाकवला होता, आणि तो खरंच हलत होता. दोन टोकांना कापूस काढून घेतलेल्या काड्या रोवून, मधे दात साफ करायचा दोरा ताणून, त्यावर परीचे कपडे वाळत घातले होते. कपडे इन्स्पेक्टरने कापडी पट्टीतून कापले होते.

"तीनच फ्रॉक?" मी विचारलं.

"चौथा तिने घातलाय," इन्स्पेक्टर म्हणाली. "आणि दादा, हात धुऊन ये. वायरीला ग्रीस लागतं."

भुणभुण मामाच्या कोपराशी उभी होती. "मामा, परीला अंघोळ लागते?"

"लागते."

"मग टब?"

मामाने हिरड्यांच्या गुलाबी प्लास्टिकचा टब केला.

"मामा, परीला संडास लागतो?"

मामाने क्षणभर विचार केला. "न लागून सांगते कुणाला," तो म्हणाला आणि प्लास्टरचा एक कमोड कोरायला बसला. झाकण उघडायला हवं यावर इन्स्पेक्टर अडून बसली. तार मुडपून बिजागरी झाली. झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग चौघांनी पाळीपाळीने ते उघडून मिटून पाहिलं आणि आम्हाला इतकं हसू आलं की भुणभुणला उचकी लागली. एक बावन्न वर्षांचा माणूस जमिनीवर मांडी घालून बसलाय, मिशीत प्लास्टर, आणि करंगळीएवढ्या बाईच्या कमोडचं झाकण कुरकुरतं म्हणून त्याला व्हॅसलीन लावतोय. मी मामाला असं कधी पाहिलं नव्हतं.

टेबलावर, आमच्या डोक्यांच्या जरा वर, एक ट्रे होता. त्यात एक प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, आणि शेजारी लाल पट्टीवर ओळीने चिकटवलेले नवे कोरे दात. ते स्टेशनच्या बाईंचे होते.

या बाईंनी एकतीस वर्षं स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिराने, सगळं त्यांच्या आवाजात. आता स्टेशनची नवी इमारत झाली होती, बुधवारी ती उघडणार होती, आणि पहिली घोषणा निवृत्त बाईंनीच करायची असं ठरलं होतं. पण मधल्या काळात बाईंचे वरचे दात गेले. दात नसले की 'फलाट'मधली हवा ओठांतून निसटते आणि 'तीन'ची जीभ टेकायला जागा शोधत बसते. बाईंनी दवाखान्यात तसं म्हणून दाखवलं होतं आणि दाखवतानाच त्यांचे डोळे भरून आले होते.

सोमवारी साडेनऊला त्यांची ट्रायल होती. ती झाली, तरच बुधवारी कवळी तोंडात असणार होती. मॅडमनी शनिवारी निघताना मामाला सांगितलं होतं, "मागच्या दोन ट्रायल तुम्ही लांबवल्यात. एकदा केसाएवढा फरक होता म्हणून, एकदा अर्ध्या केसाएवढा. या वेळी मला कारण नकोय, दात हवेत."

दात रोवायचं काम तीन तासांचं. मामाने ठरवलं होतं की दुपारी मुलींना झोपवायचं आणि कामाला बसायचं. त्याला मुलींची माहिती कमी होती.

दुपारी मुली झोपल्या नाहीत. उलट, परी दारापर्यंत येणार कशी हा प्रश्न निघाला. मामाने कपाटातून एक डबा काढला. उरलेसुरले दात. दर सेटमधून एखाददुसरा दात उरतो, बावीस वर्षांत डबा भरला होता. मुलींनी तो जमिनीवर ओतला तेव्हा शंखशिंपले सांडल्यासारखा आवाज झाला. दाढांचा रस्ता, सुळ्यांचं कुंपण. अर्ध्या तासात तळ्यापासून घरापर्यंत वळणावळणाची पायवाट झाली.

"घाण दिसते," इन्स्पेक्टर म्हणाली.

"का?"

"एक पिवळा आहे, एक राखाडी आहे, एक चहा प्यायल्यासारखा आहे."

हे तिने दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर काही झालं नसतं. मामाच्या ते वर्मी लागलं. दातांच्या रंगांची नमुन्याची पट्टी काढून तो उन्हात बसला आणि एका रंगाचे दात निवडायला लागला. पिवळे-राखाडी कडेला गेले, मधली वाट निदान बरी झाली. पण दारासमोरच्या सहा पायऱ्या उरल्या, आणि त्या समोरच येणार होत्या. डब्यात एका रंगाचे, एका आकाराचे सहा दात मिळेनात.

मामा उठला. ट्रेकडे गेला. लाल पट्टीवरचे पुढचे सहा दात त्याने उचलले.

"मामा," मी म्हणालो.

"बघू तरी कसं दिसतं," तो म्हणाला. "बघायला काय जातंय?"

त्याने ते दारासमोर ओतलेल्या ओलसर प्लास्टरवर ठेवले, बोटाने किंचित दाबले, डोळा बारीक करून रेघ पाहिली. दिसत मात्र फार सुरेख होतं. एखाद्या राजवाड्याच्या पायऱ्या दिसाव्यात तसं. मग चहा उतू गेल्याचा वास आला, सगळे स्वयंपाकाच्या ओट्याकडे धावले, ओटा पुसला, दुसरा चहा टाकला, बिस्किटं निघाली. मामाचं प्लास्टर झटपट घट्ट होणारं असतं. त्याला सहा मिनिटं पुरतात. आम्ही पंधरा मिनिटं बिस्किटं खात होतो.

परत येऊन मामाने पायवाटेकडे पाहिलं आणि त्याच्या हातातला कप तसाच राहिला.

"अरे," तो म्हणाला. "हे बाईंचे दात."

छिन्नी, ब्रश, कोमट पाणी. बाळाची नखं कापावीत तशा काळजीने मामाने प्लास्टर फोडलं. एक निघाला, दोन, तीन, चार, पाच. सगळे धड. सहाव्याच्या जागी दाताच्या आकाराचा खड्डा होता. स्वच्छ, व्यवस्थित, जणू दात स्वतः उठून गेला होता. उजव्या बाजूचा, समोरच्या मोठ्या दाताशेजारचा.

चौकशी आपसूक इन्स्पेक्टरकडे गेली. ती भुणभुणसमोर उभी राहिली.

"कुणी काढला?"

"परीने."

"कधी?"

"तुम्ही बिस्किटं खात होता तेव्हा."

"तू पाहिलंस?"

"हो. मीच तिला म्हटलं, ने."

"तिला कशाला हवा दात?"

"तिला एक कमी होता."

"वरचा की खालचा?" मामाने विचारलं. त्याच्या तोंडून ते निघून गेलं.

"वरचा."

"मग बरोबर आहे," मामा म्हणाला, आणि डोक्याला हात लावून खाली बसला.

भुणभुणचे खिसे पाहिले, मुठी उघडल्या, वेणी सोडून पाहिली. मामाने तिला आ करायला लावलं. "गिळला नाहीस ना?" त्यावर तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते. "दात कोण खातं?" ती म्हणाली. मी लोहचुंबक आणू का असं विचारलं. इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाली, "दादा, दात लोखंडाचा असतो का?" माझं शिक्षण त्या खोलीत तिथेच संपलं.

माती चाळली. वाळू चाळली. कमोडचं झाकण उघडलं. मग मला जांभळा दिवा आठवला. मापाचे ट्रे कडक करायला मामाकडे एक जांभळ्या उजेडाचा दिवा असतो, आणि त्या उजेडात कवळीचे दात चमकतात असं त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. खिडकीला पडदा लावला, पडद्यावर चादर टाकली, दाराच्या फटीत पायपुसणं कोंबलं. भर दुपारी खोलीत अंधार झाला. मी दिवा लावला.

सगळी पायवाट पेटली. काही दात निळसर पांढरे, काही हिरवट, काही अगदीच मंद, काही मुळीच नाही. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या कंपन्यांचे, कुणाकुणाच्या तोंडाचे उरलेले दात, आणि प्रत्येकाचा उजेड निराळा. ज्या दातांना इन्स्पेक्टर घाण म्हणाली होती, तेच सगळ्यात जास्त चमकत होते. तळ्याच्या आरशात त्यांचं प्रतिबिंब पडलं होतं. भुणभुण हळूच म्हणाली, "आली." कोण आली ते आम्ही कुणी विचारलं नाही. इन्स्पेक्टरसुद्धा नाही. मी आणलेले छोटे दिवे खिशातच राहिले.

पहिली टाळी मामाने वाजवली. मग आम्ही तिघं त्या अंधारात त्या बागेभोवती नाचलो, आणि मामा मांडीवर ताल धरून बसला. दात सापडला नाही. मधली काही मिनिटं आम्ही तो शोधत होतो हेही कुणाच्या लक्षात नव्हतं.

चादर काढली तेव्हा साडेचार वाजले होते.

नवा सेट मागवायचा तर सोमवारी दुकान उघडणार, बुधवारी दात येणार. डब्यात त्या मापाचा दात नव्हता. मामाने डोळे मिटून घेतले, उघडले आणि म्हणाला, "साबण आणा."

शिकत असताना त्यांना साबणाच्या वड्यांतून दात कोरायला लावायचे. त्यानंतर आजवर मामाने हाताने दात केला नव्हता. विकत मिळतात, तर कोण कोरणार? हात बसावा म्हणून त्याने आधी साबणाचा एक केला, मग दाताच्या रंगाची पूड पातळ द्रावात कालवून खरा करायला घेतला. इन्स्पेक्टर रंगांची पट्टी खिडकीत धरून "अजून पिवळा, अजून, थांब, जास्त झाला" असं सांगत होती. भुणभुण पुठ्ठ्याने वारा घालत होती. पहिला दात लाहीसारखा फुलला. दुसरा थेट आमच्या कमोडसारखा झाला, आणि मामा पोट धरून इतका हसला की तो दात टेबलाखाली गेला.

"हा पण परीने नेला," भुणभुण म्हणाली.

"तिला म्हणावं, आता तुझा सेट पूर्ण झाला," मामा म्हणाला.

तिसरा साधला. रंग हुबेहूब. फक्त जेमतेम एका मिलिमीटरने जास्त रुंद. बाकीचे दात मेणात रोवून झाले, पण हा जागेत सरळ बसेना. बाजूंनी घासावा तर उंदराच्या दातासारखा दिसायला लागला असता. मामाने तो किंचित फिरवला आणि त्याची कड शेजारच्या मोठ्या दातावर चढवली. तेव्हा बसला.

"वाकडा आहे," इन्स्पेक्टर म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग सरळ कर."

"मेण पुन्हा तापवलं तर बाकीचे सगळे हलतील. उद्या मॅडमना खरं काय ते सांगतो. शिव्या खाईन. बाई रडतील." हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पार उतरलं होतं. त्याने त्या साच्यावर ओला कापूस ठेवला. नियमाने ठेवायचा असतो म्हणून ठेवला, पण मला वाटतं, त्याला तो दात बघवत नव्हता.

सोमवारी मी मुद्दाम गेलो. मामा कधी पुढच्या खोलीत जात नाही. त्या दिवशी तो स्वतः ट्रे घेऊन गेला. "मॅडम, एक दात..." असं त्याने सुरू केलं, पण बाई घाईत होत्या. त्यांनी ते मेणातले दात उचलून तोंडात बसवलेसुद्धा.

"चावू नका," मामा कसाबसा म्हणाला. "मेण आहे."

बाईंनी आरसा घेतला. जीभ दातांवरून फिरवली. एकदा इकडून, एकदा तिकडून. त्या वाकड्या दातापाशी जीभ थांबली. मॅडमनी मामाकडे पाहिलं. मामा जमिनीकडे बघत होता.

"हा तुम्हाला कुणी सांगितला?" बाईंनी विचारलं.

"कोण?"

"हा. तिरका."

"कुणी नाही. म्हणजे, बाई, त्याचं काय झालं..."

"माझा अस्साच होता." बाई आरशातून नजर काढत नव्हत्या. "आई म्हणायची, हा दात गर्दीत पाय रोवून उभा आहे. बाजू चुकली तुमची, माझा डावीकडे होता. पण ही मी आहे. गेले आठ महिने आरशात मला माझी सासू दिसत होती."

मॅडम मागे वळून हातमोजे शोधायला लागल्या. त्यांच्या हातात ते होतेच.

मग बाईंनी पाठ ताठ केली, हनुवटी जराशी वर केली आणि म्हणून पाहिलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर येणारी गाडी वीस मिनिटे उशिराने धावत आहे." बाहेर बसलेला, गाल सुजलेला एक माणूस पिशवी उचलून उभा राहिला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसला.

"ठेवायचा का तिरका?" मॅडमनी विचारलं.

"हात तर लावून बघा त्याला," बाई म्हणाल्या.

परीची बाग आता दवाखान्याच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवली आहे. दारासमोरच्या सहा पायऱ्यांच्या जागी सहा खड्डे आहेत. मुलींनी ते बुजवू दिले नाहीत. पाणी साठतं, पक्षी पितात, असं त्यांचं म्हणणं आहे. तो दात आजपर्यंत सापडलेला नाही आणि भुणभुणने आपली जबानी बदललेली नाही.

बुधवारी आम्ही चौघं स्टेशनवर गेलो. नव्या इमारतीत पहिली घोषणा झाली, प्रत्येक 'फ' आणि प्रत्येक 'त' आपापल्या जागी. लोक चालता चालता थांबले. दोन हमालांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एक म्हणाला, "बाई आल्या वाटतं परत." मुली बाकावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मामा मात्र लोकांच्या तोंडांकडे बघत होता.

समोर पुस्तकांच्या स्टॉलपाशी एक म्हातारे गृहस्थ नातवाशी बोलत होते. काहीतरी गंमत चालली होती, ते मान मागे टाकून हसत होते.

"माझी आहे," मामा हळूच म्हणाला. "अकरा वर्षं झाली."

"छान आहे की. एका रेघेत."

"हो ना. एका रेघेत." त्याने त्यांच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "हजारो माणसांना मी दात बसवले. माप घेतलं, रंग पाहिला. पण तुमचे कसे होते, असं कुणालाच विचारलं नाही रे. सगळ्यांना माझ्याच मनातले दिले."

ते गृहस्थ पुन्हा हसले. नातू त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याने आजोबांचे हेच दात पाहिले असणार.

मामाने हाताने शर्ट सारखा केला, दोन पावलं पुढे टाकली, थांबला आणि माझ्याकडे वळला.

"जाऊन विचारू का त्यांना, आधी कसे होते?"